प्रत्यक्ष भेटून खात्री केली

त्या फिटरचा विषय निघाला की आजही मला एका जागी बसवत नाही. खून, दरोडे, दंगली यांचे किस्से मी जेवता जेवता सांगतो. हे प्रकरण मात्र मी घरातही धड सांगितलेलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते. मी जळगावला स्थानिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. देशात कुठे ना कुठे बॉम्ब फुटत होते आणि वरून परिपत्रकांचा पाऊस पडत होता. लॉज तपासा, भाडेकरू तपासा, नाकाबंदी लावा. टाडा कायदा जोरात होता. ते कलम एकदा लागलं की माणसाने जामीन विसरायचा.

अशात एका दुपारी मुंबईहून फोन आला. परदेशातल्या एका शहरात विमान कंपनीच्या कचेरीत स्फोट झाला होता आणि माणसं मेली होती. स्फोट करणारा तिथून निसटला होता, पण तो भारतीय पासपोर्टवर फिरत होता हे उघड झालं होतं. पासपोर्टवरचा पत्ता आमच्या जिल्ह्यातला होता, कापसाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावातला. गावाचं नाव मी सांगत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी मी तिथेच फौजदार होतो, म्हणून कामगिरी माझ्याच गळ्यात पडली.

त्या नावाचा माणूस शोधायला आम्हाला अर्धा तासही लागला नाही. तो जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. यंत्राखाली आडवा होऊन पट्टा चढवत होता, हात ग्रीसने माखलेले. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं पासपोर्टशी जुळत होतं. फोटोतला चेहरा तेवढा दुसऱ्याच कोणाचा होता.

जळगावला आणून चौकशी सुरू केली. मुंबईहून पथक आलं होतं. त्यांचे साहेब हुशार आणि उतावळे. फिटरने पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच चौथ्या दिवशीही सांगितलं. आखातात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका एजंटला त्याने शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड दिलं होतं. काही महिन्यांनी एजंट म्हणाला, काम होत नाही. विषय संपला. तो एजंट पुढे सुरतेकडे गेला आणि वारला, हे आम्हीही तपासून पाहिलं.

"पासपोर्ट मन्हा नावना व्हई, साहेब, पन मी त्याले हात लायेल नही," तो म्हणाला. "ह्या माणूसले मी कव्हयच देखेल नही."

"पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आले असतील ना?" मुंबईच्या साहेबांनी विचारलं.

"मन्हा घर कोनी पोलीस उनाच नही."

यावर मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "पोलिसांना खोटं पाडतोस?" फिटरची बायको रोज सकाळच्या एसटीने यायची आणि कचेरीच्या व्हरांड्यात बसून राहायची. मी आत-बाहेर करताना उठून उभी राहायची. "साहेब, ह्या कव्हय सुटतीन?" नवरा कधी सुटेल, एवढंच विचारायची. चौकशी चालू आहे, अक्का, असं म्हणून मी पुढे जायचो.

पाचव्या दिवशी पासपोर्ट कार्यालयातून जुन्या अर्जाची झेरॉक्स आली. त्यात पोलीस अहवालही होता. मुंबईच्या साहेबांनी तो मोठ्याने वाचला. "अर्जदारास त्याचे राहते घरी प्रत्यक्ष भेटून खात्री केली. सोबतच्या फोटोतील इसम सदर पत्त्यावर पंधरा वर्षांपासून राहतो." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "झालं! फोटोतला माणूस याच्या घरात राहत होता, असं तुमचेच पोलीस लिहून देतात. म्हणजे यानेच त्याला लपवला, याच्याच नावाने बाहेर पाठवला. उद्या टाडाचा प्रस्ताव पाठवतो." मग सहीवर बोट ठेवून म्हणाले, "ही गिचमिड कोणाची आहे ते शोधा. साक्षीदार लागेल."

मी कागद हातात घेतला. खाली 'शेजारी' म्हणून ज्याची सही होती तो माणूस त्या गावातला शिंपी होता. त्याचं दुकान पोलीस ठाण्याच्या अगदी समोर. आमचे गणवेश तोच शिवायचा, आणि पंच मिळाला नाही की हवालदार त्यालाच हाक मारायचा. दारूच्या धाडीला पंच तोच, बेवारस प्रेताला पंच तोच. फिटरचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. हा शिंपी त्याचा शेजारी कुठून होणार? आणि ती गिचमिड सही माझी होती.

मी "शोधतो" म्हणालो आणि बाहेर पडलो.

शिंपी आता म्हातारा होऊन नशिराबादला मुलीकडे राहत होता. खरं काय घडलं ते मला आठवत होतं, तरी मी जीप काढली. कोणीतरी मला खोटं ठरवावं, अशी वेडी आशा होती. शिंपीआबा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मी फोटो पुढे केला.

"आबा, या माणसाला कधी पाहिलं होतं का?"

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "नही भो."

"मग ही सही?"

"सही मन्हीच शे." ते माझ्याकडे पाहत राहिले. "साहेब, बाजारना दिन व्हता. तुम्हीन कागदं धाडात, मी सह्या कऱ्यात. तुम्हीन सांगं तठे मी कायम सही करी. आते माले काय इचारतस?"

त्या दिवशी मी बाजारच्या बंदोबस्तात अडकलो होतो. गठ्ठाभर अर्ज तुंबले होते, एजंटने फिटरच्या कागदांवर दुसऱ्याचा फोटो लावून केलेला अर्जही त्यातच होता, जिल्ह्याहून स्मरणपत्र आलं होतं. मी खुर्चीत बसून सगळ्या अर्जांवर एकच वाक्य लिहवून घेतलं आणि सह्या ठोकल्या. तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही. सगळीकडे तसंच चालायचं.

परत आल्यावर माझ्या विश्वासातल्या जुन्या जमादाराला सांगितलं. तो दार लोटून म्हणाला, "साहेब, भेटलो होतो म्हणा. कागद तुमच्या बाजूने आहे. एका फिटरसाठी नोकरी घालवता का?" तो माझ्या भल्याचंच सांगत होता, आणि खोटं कशाला बोलू, मी तासभर त्याचाच विचार केला. मुलीचं लग्न ठरत होतं. बढतीची यादी निघायची होती. बाहेर व्हरांड्यात ती बाई बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंबईच्या साहेबांसमोर माझा जबाब लिहून दिला. अर्जदाराला मी कधीही भेटलो नाही, त्याच्या घरी गेलो नाही, पंचाने फोटो पाहिला नाही. शिंपीआबांचा जबाब जोडला. साहेब भडकले. अर्वाच्य बोलले, आणि ते सगळं मला लागू होतं. पण अहवालच खोटा ठरल्यावर फिटरविरुद्ध काही उरलंच नाही. टाडा लागला नाही. अकराव्या दिवशी त्याला सोडलं. माझी खातेनिहाय चौकशी झाली, वेतनवाढी थांबल्या, यादी निघाली तेव्हा माझं नाव तिच्यात नव्हतं.

सुटकेच्या वेळी मी फिटरला समोर बसवून सगळं सांगितलं. तो शिव्या देईल, निदान थुंकेल असं वाटलं होतं. तो फक्त उठला. बायकोने त्याची पिशवी उचलली. दारापर्यंत जाऊन तो थांबला.

"साहेब, तो मन्हा नाववर फिरना," तो म्हणाला. "तठे ज्या मरनात, त्या कोन व्हतात?"

मला माहीत नव्हतं. अकरा दिवसांत मी ते एकदाही विचारलं नव्हतं. आमच्या फायलीत आरोपी होता, पत्ता होता, कलमं होती. मेलेल्यांची नावं नव्हती.

नंतर मी मुंबईला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं नाही. पुढे बरीच वर्षं नव्या फौजदारांना मी एकच सांगत आलो, घरी जा, माणूस बघा, मग सही करा. सरकारने कायदे कितीही कडक केले तरी ते शेवटी कोणत्या तरी ठाण्यातल्या खुर्चीवर येऊन टेकतात, आणि त्या खुर्चीत माझ्यासारखा कंटाळलेला माणूस बसलेला असतो. सहकारी म्हणायचे, तुम्ही एका निरपराध माणसाला वाचवलंत. मी हो म्हणायचो. पण तो दुसरा, फोटोतला, माझ्या सहीवर विमानात बसला होता. त्याने मारलेल्यांपैकी एकाचंही नाव मला आजपर्यंत माहीत नाही.