तळ्यात-मळ्यातला डेलमार

डेलमार केसिंजरचं आयुष्यभराचं कर्तृत्व एकच: त्याचं कधी काही ठरायचं नाही. ओहायोतल्या टिफर्ड गावात त्यानं जन्मभर हार्डवेअरचं दुकान चालवलं, पण तशी त्याची ओळख कोणी करून देत नसे. "हा आमचा डेलमार, याचं अजून ठरत नाहीये," असं म्हणत. त्या काळी ओहायो ज्याच्या पदरात कौल टाकेल तोच अध्यक्ष, असा जणू रिवाजच पडला होता. त्यामुळे दर चार वर्षांनी मक्याची कापणी आली की टीव्हीवाले गावात उतरायचे आणि कोणाचं मत ठरलेलं नाही, याची चौकशी करायचे. सगळी बोटं डेलमारच्या घराकडे वळायची.

डेलमारनंही या कामात कधी कुचराई केली नाही. अंगणातल्या पायवाटेच्या एका अंगाला एका पक्षाची पाटी, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याची. गवत कापताना दोन्ही उपटायचा आणि दोन्ही परत रोवायचा, उगाच कोणावर अन्याय नको. कॅमेरा सुरू झाला की टोपी जरा मागे सारायची, लांब मक्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. मी शेवटच्या आठवड्यापर्यंत बघणार." एवढ्या भांडवलावर तो देशभर दिसला. प्रचाराला आलेला एक उमेदवार तर त्याच्या ओसरीवर बसून भोपळ्याचा केक खाऊन गेला.

केक केला होता वर्नानं, त्याच्या बायकोनं. तिचं मत कोणी विचारलं नाही, कारण तिचं लग्नाआधीपासून ठरलेलं होतं आणि ठरलेल्या माणसावर कोण कॅमेरा फुकट घालवणार? घराला रंग कुठला, मुलीला कॉलेज कुठलं, म्हातारपणी दुकान कोणाला विकायचं, हे सगळं तिनंच ठरवलं. डेलमार मोठ्या प्रश्नांत गुंतलेला असे.

मग ओहायोनं घात केला. ओहायोचं ठरलं. कारखान्यांना टाळं लागलं, चर्चच्या जेवणावळीत कालपर्यंत एका पक्षाच्या शपथा घेणारी माणसं दुसऱ्याची टोपी घालून बटाट्याचं सॅलड वाढून घेऊ लागली आणि तिकडचीच होऊन राहिली. शेवटी एका निवडणुकीत ओहायोनं एकाला निवडलं आणि देशानं दुसऱ्याच्या गळ्यात माळ घातली. त्यानंतर कॅमेरे टिफर्डला वळसा घालून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जाऊ लागले. तिथल्या लोकांचं म्हणे अजून ठरत नव्हतं.

दोन हजार चोवीसच्या निवडणुकीआधी डेलमारनं ओसरी रंगवून घेतली, पाट्या रोवल्या, टोपी धुतली. एक गाडी थांबली खरी. आतल्या मुलीनं काच खाली करून पेनसिल्व्हेनियाचा रस्ता विचारला. त्यानं तो सांगितला आणि चांगला, सविस्तर सांगितला. गाडी निघून गेल्यावर तो आत गेला.

जेवताना तो तणतणत म्हणाला, की आपणही पेनसिल्व्हेनियात राहायला जावं, तिथं माणसाच्या मताला वजन आहे. वर्नानं काटा खाली ठेवला. त्यांची मुलगी जोलीन तिथेच, ईरी शहरात होती. पाठीचं ऑपरेशन झालेलं, दोन लहान मुलं, नवरा रात्रपाळीला. वर्षभर वर्ना तिकडे जायचं म्हणत होती आणि वर्षभर डेलमार बघू म्हणत होता.

"टीव्ही सोड. मी विचारतेय," ती म्हणाली. "घर विकून जोलीनकडे जायचं का? तुला काय हवंय, ते सांग."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला खरोखरच त्याचं मत विचारलं होतं. तो खुर्चीत सावरून बसला, आणि काय करणार, जीभच तशी वळलेली.

"दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे," तो म्हणाला. "बघू ना, घाई काय आहे."

"बरं, तू बघ. माझं बघून झालं."

ती शनिवारी गेली. भांडली नाही, रडली नाही. फ्रीजमध्ये त्याच्यासाठी खिम्याचा मीटलोफ ठेवून गेली. शेजाऱ्यांना डेलमार सांगे, की आपलं अजून ठरत नाहीये. शेजारी हसत. पुढं पुढं तेही हसेनात. रिकामं घर त्याला खायला उठे. वर्ना हवी होती, दुसरं काही नको होतं, आणि तेवढं सोडून तो तिच्याशी फोनवर हवापाण्याचं सगळं बोलायचा.

ऑक्टोबरात एकदा घरचा फोन वाजला. कोणीतरी मतदारांचा कल विचारत होतं.

"मिसेस वर्ना केसिंजर आहेत का? पेनसिल्व्हेनियाच्या नव्या मतदार?"

तिनं तिथं नावही नोंदवलं होतं. नंबर तेवढा सवयीनं जुना दिला होता.

"ती इथं नसते," डेलमार म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "मी तिचा नवरा. माझं मत विचारा ना."

"आपण पेनसिल्व्हेनियात राहता?"

"नाही. ओहायो."

"मग राहू द्या. ओहायोचं काय, माहीतच आहे. आभारी आहोत."

"थांबा," डेलमार म्हणाला. "मला तिच्याकडे जायचंय. मला इथं राहायचं नाही."

फोन केव्हाच बंद झाला होता. त्याला ते कळलंही. तरी त्यानं वाक्य पुरं केलं, आणि ईरीचा नंबर फिरवायला घेतला.