नावावरचा अंगठा

जगन गेल्याचा फोन सुरतेहून आला तेव्हा मी शहाद्यातल्या माझ्या मेडिकल दुकानाचं शटर वर करत होतो. पलीकडून त्याचा थोरला भाऊ मोहन एवढंच म्हणाला, "जगन गया, भो..." मी तिथेच पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. राग आला तो पाच आठवड्यांनी. मोहनभाऊ स्वतःच्या गोळ्या न्यायला आला होता. जाता जाता सहज म्हणाला, "मन्हा तो रगतना, जीनना रिपोर्ट जगन ली गयथा. तुन्हाकडे ऱ्हाई गया का?" 

जगन आणि मी ब्राह्मणपुरीच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी फार्मसी केली, त्याने वडिलांची केळी सांभाळली. मला चिडवायला तो 'डॉक्टर' म्हणायचा, तेही भर दुकानात, खऱ्या डॉक्टरांच्या पेशंटसमोर. शहाद्याला आला की काउंटरच्या आत येऊन बसायचा, चहा मागवायचा आणि गिऱ्हाइकांना माझ्याआधी सल्ले द्यायचा. मी खोटं खोटं रागवायचो. त्याच्याशिवाय दुकानात हसण्यासारखं फार काही घडत नसे, हे आता कळतंय.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या आतड्यांना सूज आली. रक्त पडायचं, दिवसातून दहा-बारा वेळा धावावं लागायचं. मोहनभाऊला हाच आजार आधीपासून होता. स्टेरॉइडने जगनचं तोंड सुजलं, म्हणून सुरतेच्या डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहिली आणि बजावलं, आधी जनुकांची तपासणी करा. ही गोळी काही माणसांच्या शरीराला पचत नाही, अंगातल्या पांढऱ्या पेशी संपतात, मग साधा ताप जिवावर बेततो. चिठ्ठीवर स्पष्ट होतं, रिपोर्ट चांगला असेल तरच सुरू करणे. मोहनभाऊने हीच तपासणी करून हीच गोळी घेतली होती आणि तो ठणठणीत होता.

मी जगनला म्हटलं, रिपोर्ट बघितल्याशिवाय गोळी देणार नाही. काही दिवसांनी तो कागद घेऊन आला. काउंटरपलीकडून समोर धरला. "हाई देख, डॉक्टर. मन्हा रगतमा काय खोट नई." मी निकाल वाचला, आडनाव वाचलं. पहिल्या नावावर त्याचा अंगठा होता. मी कागद हातात घेतला नाही... चाळीस वर्षांची दोस्ती असलेल्या माणसाचा अंगठा कोण बाजूला करतो? गोळ्या मीच दिल्या.

तीन आठवड्यांनी तो डोकं तुळतुळीत करून आला. मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, "देवीना नवस व्हता, फेडी टाका." मी हसलो, टकलावर टपली मारली. या गोळीने झपाट्याने केस गळणं ही धोक्याची घंटा असते, हे मला माहीत होतं. पण नवसाचं नाव घेतल्यावर त्यामागे औषध आहे का, हे कोण तपासणार? उशीवर केसांचे पुंजके पडत होते म्हणून त्याने डोकं केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. दर आठवड्याला रक्त तपासायचं होतं, तेही केळीच्या कापणीत राहून गेलं. मग ताप भरला, तोंड आतून सोलवटलं, आणि सुरतेत तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

मोहनभाऊ गोळ्या घेऊन परतल्यावर मी दुकान पोराच्या हवाली केलं आणि सरळ ब्राह्मणपुरीला गेलो. जगनच्या बायकोला, वहिनींना विचारलं, भावाचा रिपोर्ट त्याने स्वतःचा म्हणून का दाखवला? त्या खाली बघत म्हणाल्या, "रिपोर्टमा खोट निंघनी तं पोरगीना साखरपुडा मोडाई जाई, असं म्हनेत. नि म्हनेत, एकच टिश्यूनी रोपं शेतस आमी दोन्ही भाऊ, तपासनं कितला डाव?" लॅबमधून आणलेल्या टिश्यू कल्चरच्या केळीच्या रोपांत सगळी रोपं एकसारखी निघतात, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. माणसाचं तसं नसतं, एका आईच्या पोटी दोन भाऊ आईबापांकडून वेगवेगळं घेऊन येतात, हे मी त्याला दोन मिनिटांत सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही. जगाशी खोटं बोलला असता तर मी समजून घेतलं असतं. माझ्याशी बोलला, आणि माझ्याच हातून ते विष घेतलं, हे मला अजून गिळता येत नाही.

त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरल्याप्रमाणे पार पडला होता. त्यात सगळ्यांत जास्त मीच नाचलो होतो.

निघताना वहिनींनी उरलेल्या गोळ्यांची पिशवी हातात दिली. घरात नको म्हणाल्या. त्यातल्या प्रत्येक पाकिटावर जगनने एकेका गोळीच्या घराखाली बॉलपेनने वार लिहिले होते, सोमवार, मंगळवार... पहिल्या दिवशी मी त्याला दटावलं होतं, आता सुरू केलीस तर एक दिवसही चुकवायची नाही. ताप चढला होता त्या दिवसांची घरंही रिकामी होती. दवाखान्यात नेलं त्या सकाळपर्यंतची. आयुष्यात त्याने माझं एवढं एकच ऐकलं.