न पडलेली भिंत

माझे वडील नांदेडच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे आणि मामाची लातूरला तुरीची आडत होती. दोघांचाही धंदा अंदाजाचाच, असं आई म्हणायची आणि ते दोघांनाही झोंबायचं. मामा आभाळ बघून तूर भरून ठेवायचा आणि भाव चढायची वाट बघायचा. वडिलांच्या लेखी तो शुद्ध सट्टा. वडील जगाच्या मुळाशी काय असेल याचा विचार करत बसायचे. मामाच्या लेखी त्यासाठी कुणी चहासुद्धा पाजणार नाही. सुट्टीत लातूरला गेलो की जेवणानंतर हा वाद ठरलेला, आणि आई भांडी आवरता आवरता दोघांनाही टोमणे मारायची. तिला माहेर म्हणजे हा एकच भाऊ. आईवडील लवकर गेले, त्याला तिनेच वाढवलं होतं.

भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. मामाच्या विटामातीच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, पण घर उभं राहिलं. जिल्ह्याच्या दक्षिणेला गावंच्या गावं भुईसपाट झाली होती, त्यामुळे आपल्या तड्याविषयी बोलायचीही लोकांना लाज वाटायची. सगळं शहर अंदाज बांधत होतं. कुत्रं रडलं, विहिरीचं पाणी गढूळलं की अंथरुणं रस्त्यावर. आम्ही भेटायला गेलो तेव्हा वडील दिवसभर प्रत्येकाला "याला आधार काय?" असं विचारत होते आणि झोपायला मात्र सगळ्यांबरोबर मैदानात आले. मामा एकटा घरात झोपला. "पडायचं असतं तर तवाच पडलं असतं," म्हणाला. या बोलण्यात चूक कुठे आहे ते वडिलांना दिसत होतं, पण मैदानात पडून ती दाखवणं त्यांना जड गेलं असावं.

पुढे तड्यावर गिलावा झाला. मग क्लासेसचे दिवस आले. निलंगा, चाकूर, पार नांदेडहूनसुद्धा मुलं लातूरला येऊन राहणार, हे मामानं इतरांच्या कितीतरी आधी ओळखलं, हे मान्यच केलं पाहिजे. आडत बंद करून त्याच घरावर दोन मजले चढवायचे आणि मुलींसाठी खोल्या काढायच्या, असं त्यानं ठरवलं. कामाआधी त्यानं वडिलांना त्या भिंतीसमोर उभं केलं.

"दाजी, तुम्ही तर्काचे मास्तर. पेलंल का न्हाई, सांगा."

वडील बराच वेळ बघत राहिले. "पेलेल म्हणायला मला आधार नाही आणि पडेल म्हणायलाही नाही. एखाद्या इंजिनिअरला विचार."

मामानं मान हलवली. आठवड्याभरात दारात विटा येऊन पडल्या.

आडतीत सौदा कसा होतो ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. भाव पुकारतात, मालवाला गप्प राहिला की सौदा पक्का आणि पोत्यांना हात लागतो. नको असेल तर 'नाही' असं तोंडानं म्हणावं लागतं. वडिलांच्या वर्गात मात्र पुरावा हाती नसताना हो किंवा नाही म्हणणं हा अप्रामाणिकपणा. मामाला 'नाही' ऐकू आलं नाही, म्हणजे त्याच्या हिशेबी वडिलांचा होकार झाला. मुलींना सोडायला येणाऱ्या आईबापांना तो अभिमानानं सांगायचा की प्रोफेसर दाजींना विचारूनच बांधलंय.

दहावीनंतर मीही तिथेच राहायला गेले. दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्यातून तडा पुन्हा वर आला आणि वरच्या मजल्यावरची दारं अडकायला लागली. मी कळवलं तसे वडील आले. तड्यात त्यांचं बोट आत गेलं. मुलींना आजच दुसरीकडे हलव, असं त्यांनी मामाला सांगितलं.

"इतके दिवस हललं का काही? सहामाही परीक्षा तोंडावर आली. आन् तुम्हीच तर हाव म्हणले होते."

वडिलांचा चेहरा उतरला. आपल्या नावावर काय काय खपलं आहे, ते त्यांना त्या क्षणी कळलं. ते जिना चढले आणि एकेका खोलीच्या दारात उभं राहून मुलींना म्हणाले, "ही भिंत पेलणार नाही. घरी फोन करा, सामान बांधा." आधाराशिवाय एक वाक्य न बोलणारा माणूस तो. मला त्यांचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता. खोल्या रिकाम्या झाल्या. मामानं आईला फोन करून एवढंच सांगितलं, "अक्का, आता हिकडं येऊ नको." त्या भाऊबीजेला आई नांदेडलाच होती. ओवाळणीचं ताट तिनं काढलंच नाही. पुढच्याही भाऊबीजा तशाच गेल्या.

भिंत काही पडली नाही. अजूनही उभी आहे. दाजींचा अंदाज साफ चुकला, असं मामा भेटेल त्याला सांगतो, आणि ते कानावर आलं की माझं डोकं फिरतं. एकदा मी आईपुढेच तावातावानं बोलले. म्हटलं, पडली नाही यानं काय सिद्ध झालं? वडिलांनी डोक्यात कितीही अंदाज बांधले तरी कुणाचं काही जात नाही. मामाच्या तुरीत त्याचेच पैसे जात होते, तोवर तेही ठीक. पण भिंतीवर त्यानं दुसऱ्यांच्या पोरी लावल्या, त्यांना न विचारता. वडील शेजारीच पेपर वाचत बसले होते.

"यांनी केलं ते बरोबरच केलं," आई म्हणाली. "पण माझं माहेर एकच होतं. ते पणाला लावायच्या आधी मला तरी कुठं विचारलं?"

वडिलांनी पेपर खाली ठेवला. "विचारलं तर तू नको म्हणशील, असं वाटलं."

"इतका संसार झाला," आई म्हणाली, "आणि माझा एवढाच अंदाज आला तुम्हाला?"