रजिस्टरातली खिडकी

मी रंगमंचावर राजे झालो, दरोडेखोर झालो, नटी आजारी पडली तेव्हा दाढीसकट राणीही झालो. पण विंगेत लहानू धकाते नसता तर यांतल्या एकालाही तोंड उघडता आलं नसतं. लहानू आमचा प्रॉम्प्टर. दिवसा तो रामदासपेठेतल्या एका सरकारी कार्यालयाच्या संगणक विभागात कारकून होता. साल चौऱ्याऐंशी. तिथे माणसांना पंखा नव्हता, मशीनला एसी होता.

प्रोग्राम लिहायची नीला गजभिये. ते राहायचे मशीनमध्ये. पण साहेबांचा हुकूम असा, की विभागाच्या जाडजूड रजिस्टरात प्रत्येक प्रोग्रामच्या माहितीशेजारी त्याच्या ओळीही दिसाव्यात. त्या उतरवायचं काम लहानूचं. त्याचं अक्षर इतकं देखणं, की चूकसुद्धा खरी वाटे.

नीला दर आठवड्याला प्रोग्राम बदले. रजिस्टर तसंच राही. एकदा ती रजेवर असताना कर्मचाऱ्यांच्या बदल्यांची यादी काढणारा प्रोग्राम बिघडला. कुणीतरी रजिस्टर उघडून जुन्याच ओळी मशीनमध्ये भरल्या. अधिकाऱ्यांना बदलीतून वगळणाऱ्या दोन ओळी नीलानं नंतर घातल्या होत्या, त्या गेल्या. मशीननं यादी काढली. पहिलं नाव साहेबांचं, गाव सिरोंचा, राज्याचं पार शेवटचं टोक.

साहेबांनी यादी फाडली आणि लहानूची बदली लिहिली. सिरोंच्याला कुणीतरी जायलाच हवं होतं.

लहानूची बायको अनुसया नंदनवनच्या शाळेत शिकवायची. नोकरी सोडून येणार नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं आणि त्याची एकट्याची ट्रंक भरली. आमचा प्रयोग आठ दिवसांवर होता.

लहानूनं साहेबांकडे एक संधी मागितली. रजिस्टराच्या पानाला ब्लेडनं महत्त्वाच्या ओळींपुरती चौकोनी खिडकी पाडली आणि मागे मशीनमधून निघालेला कागदच सरकवला. उतरवणं बंद. प्रोग्राम बदलला की नवा कागद आत, जुना टोपलीत.

साहेबांनी रजेवरून परतलेल्या नीलाला बदल्यांच्या प्रोग्रामच्या वरच्या भागात दहा ओळी वाढवायला सांगितल्या. नवा कागद आला, आत गेला आणि खिडकीत भलतंच दिसू लागलं. हव्या त्या ओळी खाली घसरल्या होत्या.

साहेब म्हणाले, "धकाते, सिरोंच्यात ऊन फार. छत्री न्या."

आमचा दिग्दर्शक रोज संहितेत पानं घालायचा, काढायचा. त्यामुळे लहानू पान नंबरावर कधीच विसंबला नाही. प्रवेश सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे तो लाल खूण करी.

"साहेब, नंबर पाहून प्रॉम्प्टिंग केलं तं राजा राणीच्या ओळी बोलन," तो म्हणाला. "मले खुणा करू द्या."

मशीन ज्या वाचतच नाही अशा टिपणीच्या दोन ओळी त्यानं नीलाला प्रोग्राममध्येच लिहायला लावल्या: 'इथून' आणि 'इथवर'. साहेबांनी आणखी वीस ओळी वाढवून पाहिल्या. लहानूनं 'इथून' दिसेपर्यंत कागद वर ओढला आणि 'इथवर'च्या खालचा भाग मागे दुमडला. खिडकीत नेमक्या ओळी बसल्या.

तोवर अख्खा विभाग भोवती गोळा झाला होता. साहेबांनी खिडकीत पाहिलं. शेवटच्या दोन ओळी अधिकाऱ्यांना वगळण्याच्या होत्या, नीलानं परतल्यावर पुन्हा घातलेल्या.

"हे सगळ्यांना दिसणार?"

"पडदा वर गेला साहेब, आता तं दिसनच."

साहेबांनी लहानूला केबिनमध्ये नेलं. बदली रद्द झाली, एका अटीवर: 'इथवर'ची खूण दोन ओळी वर घ्यायची. लहानूनं ती घेतली. घरी जाऊन त्यानं ट्रंक रिकामी केली. त्या दोन ओळी मात्र चहाच्या सुट्टीपर्यंत शिपायालाही पाठ झाल्या होत्या.