स्पंजची भिंत

नव्या पनवेलमधल्या आमच्या ब्लॉकची, बाहेरच्या खोलीतली मोठी भिंत पहिल्यापासूनच धड नव्हती. गिलावा मध्येच फुगलेला, खिडकीखाली खोलगट आणि वरच्या कोपऱ्यातून एक बारीक चीर खाली उतरलेली. दुपारचं ऊन तिरपं पडलं की सगळे उंचवटे उठून दिसत. पण तळोज्याच्या कारखान्यात ह्यांची नोकरी पक्की होती, माझी शाळा होती, मुलगी लहान होती. भिंतीकडे बघायला फुरसत कुणाला होती?

मग कारखान्याला टाळं लागलं. लवकरच उघडेल, असं सगळेच म्हणत होते. दिवाळी गेली तरी उघडला नाही. माझ्या पगारावर घर चालत होतं, तशी उपासमार नव्हती. पण हे रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. मी शाळेतून परत यायचे तेव्हाही तिथेच. मुलगी अभ्यासाचं पुस्तक त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवायची. ते पानं उलटायचे, वाचायचे नाहीत.

एके दिवशी जेवताना ते अचानक म्हणाले, "ही भिंत आपण स्पंजने रंगवू या."

कुणाच्या तरी घरी त्यांनी तसं काम पाहिलं होतं. "सपाट रंग दिला की वाकडेपणा जास्तच दिसतो. दोन छटा एकमेकींत मिसळल्या की नजर एका जागी ठरत नाही. खड्डा कुठे आहे ते कळतच नाही." इतकं सलग ते कितीतरी दिवसांनी बोलले होते. मी लगेच हो म्हटलं.

रविवारी आम्ही जुन्या पनवेलच्या बाजारातून सामान आणलं. ह्यांनी पोपडे खरवडले, चिरेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरने घासून घेतलं. आधी फिक्या बदामी डिस्टेंपरचा हात दिला. तो वाळल्यावर गादीच्या फोमचे तुकडे केले, तेही हाताने तोडून, कारण सुरीने कापलेल्या तुकड्याची सरळ कड भिंतीवर उमटते. तुकडा भिजवून घट्ट पिळायचा, पातळ केलेल्या विटकरी रंगात जेमतेम बुडवायचा, वर्तमानपत्रावर टिपायचा आणि मग भिंतीला लावायचा.

"पुसू नकोस गं, नुसतं टेकव," ते मला सांगत होते. "आणि दर वेळी मनगट फिरव. नाहीतर तोच ठसा परत परत येतो."

मुलीनेही खालच्या बाजूला ठसे उमटवले. संध्याकाळी आम्ही दारात उभं राहून पाहिलं, तर फुगवटा खरंच हरवला होता. त्या रात्री हे पोटभर जेवले. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर हे स्टुलावर उभे. "इथे जरा दाट झालंय," म्हणाले आणि त्यावर फिका रंग टेकवत राहिले. पुढच्या दिवशी ते फिकं वाटलं म्हणून पुन्हा विटकरी. मग सगळी भिंत बदामी रंगाने झाकून पहिल्यापासून सुरुवात. मुलीने उमटवलेले ठसेही त्यात गेले. ती रडली तर म्हणाले, "ते चुकीचे होते." जेवायला बोलावलं तरी उतरत नव्हते. मी हातातला स्पंज काढून घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले. नवऱ्याची भीती मला तोवर कधी वाटली नव्हती.

अशातच भिंतीतून ओल फुटली. वरच्या बिऱ्हाडाच्या मोरीचा पाइप गळत होता. रंगाला फोड आले, ठशांसकट पापुद्रे गळून पडायला लागले. हे तसेच, रंगलेल्या हातांनी वर धावले. मी मागोमाग.

वर राहणाऱ्या बाई जवळच्याच गावातल्या होत्या. त्यांनी दार उघडलं आणि हे ओरडायला लागले, "तुम्ही मुद्दाम करताय! मला काही पूर्णच करू द्यायचं नाही तुम्हाला!" जिन्यात दारं उघडली. ओरडता ओरडता ह्यांचा आवाज फाटला आणि ते पायरीवर बसून हुंदके देऊन रडायला लागले. मला वाटलं, आता बाई आमचं सगळं गोत्र काढतील.

त्यांनी आत जाऊन पाणी आणलं, ह्यांना दिलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, किती दिस झाले ह्यांना असं?"

"नोकरी गेल्यापासून जरा…"

"जरा नाय हाय हे. माजा भाऊ असाच होता. घरातली भांडी घासत बसायचा, दिसभर. आमी त्याला भगताकडं नेला, अंगारे लावले. तो काय जगला नाय. तुमी डॉक्टरकडं न्या, मनाच्या. लाजू नका."

सासरी, माहेरी, शाळेत, मी सगळ्यांना 'ते घर रंगवतायत' असंच सांगत आले होते.

ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी "झोप लागते का?" एवढंच विचारलं आणि ह्यांनी कितीतरी वेळ सांगितलं. झोपच नव्हती. मी शेजारी पडलेली असायचे आणि मला ठाऊक नव्हतं.

गोळ्यांनी हळूहळू फरक पडला. वरच्या बाईंनी पाइप बदलून घेतला. भिंत तशीच ठेवली, वर्षभर, अर्धवट सोललेली. पाहुणे विचारायचे, मी "वाळतेय" म्हणायचे. हे पुढे उरणच्या बाजूला एका गोदामात कामाला लागले. काम जुन्या कामापेक्षा हलक्या दर्जाचं होतं, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. बरं वाटतंय म्हणून एकदा त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून झालं. तेव्हा मात्र मी थांबले नाही, दुसऱ्याच दिवशी ह्यांना घेऊन ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेले.

मुलगी मोठी झाली, तिने एकदा विचारलं, "बाबांना तेव्हा काय झालं होतं?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. "सांग तिला," ते म्हणाले, आणि उठून आत गेले. मी सांगितलं, जेवढं मला कळलं होतं तेवढं.