सभागृहात गेलेलं उत्तर

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं. त्या अक्षरामुळेच जळगावच्या एका सरकारी कचेरीत मला विधानसभेचं टेबल मिळालं. आमची कचेरी खेड्यापाड्यांतल्या पिण्याच्या पाण्याचं काम बघायची. अधिवेशन सुरू झालं की आमदारांचे प्रश्न यायचे. फाइलीला लाल चिठ्ठी लावलेली असायची, आणि ती चिठ्ठी दिसली की बाकी सगळी कामं बाजूला सारायची. प्रश्नाची भाषा ठरलेली असे. अमुक गावात अमुक बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास त्याची कारणे काय? उत्तरंही ठरलेली. हे खरे आहे, हे खरे नाही, किंवा अंशतः खरे आहे. मंत्री सभागृहात उभं राहून जे वाचतात ते आमच्यासारख्या कुणीतरी टेबलावर बसून लिहिलेलं असतं, हे मला नोकरीत लागल्यावर कळलं. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

साल ऐंशीच्या दशकातलं. हिवाळी अधिवेशन नागपूरला चालू होतं. एका दुपारी प्रश्न आला तो पाचोरा आणि जामनेर यांच्या मधल्या एका लहानशा गावाबद्दल होता. गावातले दोन्ही हापसे कित्येक महिने बंद असून बायकांना शिवारातल्या विहिरीवरून पाणी आणावं लागतं, हे खरे आहे काय? उत्तर संध्याकाळच्या आत बिनतारी संदेशाने नागपूरला पोचायला हवं होतं.

मी तालुक्याला फोन लावला. अर्ध्या तासाने लागला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "बठ्ठं चालू शे भाऊ, लिहून टाका."

"सगळं चालू? पाहणी केली आहे का?"

"चालू शे म्हनतो ना!" आणि फोन ठेवला.

मी लिहिलं, 'हे खरे नाही. दोन्ही हातपंप सुस्थितीत सुरू आहेत.' आणि सहीसाठी आत घेऊन गेलो.

आमचे साहेब मूळचे धुळ्याचे. उंच, किरकोळ बांध्याचे, कमी बोलणारे. सही करण्याआधी प्रत्येक कागद ओठांतल्या ओठांत वाचायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपलंच वाक्य पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं. ते वाचून झालं. त्यांनी मान वर करून विचारलं, "कोणी जाऊन पाहिलंय का?"

मी म्हणालो, "हो साहेब."

एवढंच. त्यांनी सही केली. 'तालुक्याने फोनवर सांगितलंय' एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. बहुतेक त्यांनी मला दुसरा फोन करायला लावला असता. पण घड्याळात चार वाजून गेले होते आणि 'हो' म्हणणं सोपं होतं.

उत्तर नागपूरला गेलं, सभागृहात वाचलं गेलं आणि तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत छापून आलं. माझंच वाक्य, एका शब्दाचा फरक नाही. मी ते कात्रण खिशात घालून घरी नेलं आणि वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचलं.

संक्रांतीला माझी मोठी बहीण, अक्का, माहेरी आली. ती त्याच बाजूला दिलेली. वडिलांनी कौतुकाने कात्रण तिच्यापुढे ठेवलं. तिने गावाचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"हे तू लिखं?" तिने विचारलं. सासरी राहून ती पूर्ण तिकडचीच बोलायला लागली होती.

"हो. का?"

"आरे, तठला हापसा तं पोळापासून बंद शेतस. त्या बाया आमना शिवारमा पानी भराले येतस."

वडिलांनी कात्रणाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

पुढच्या रविवारी अक्काला पोचवायला म्हणून मी तिच्याबरोबर निघालो. पाचोऱ्यापर्यंत पॅसेंजर, तिथून जामनेरची छोटी गाडी. ती गाडी इतकी रमत जाते की माणूस उतरून शेतातली दोन बोरं तोडून परत चढला तरी चालेल. अक्काच्या घरी भाकरी खाल्ली आणि तिच्या दिराची सायकल घेऊन मी त्या गावी गेलो.

पहिला हापसा देवळाजवळ होता. त्याचा दांडा नव्हता. वरचं तोंड चिंध्या कोंबून बंद केलेलं, पोरांनी आत दगड टाकू नयेत म्हणून सभोवती बाभळीच्या काट्या रचलेल्या. दुसरा शाळेमागे. त्याचा दांडा हलत होता, पण खालून फक्त धाप लागल्यासारखा आवाज यायचा. मी वीस-पंचवीस वेळा हापसलं. पाणी आलं नाही.

शिवारातली विहीर पाऊण कोसावर होती. एका केळीवाल्याची. वीज असेल तेव्हाच मोटार चालू व्हायची, आणि मोटार चालू झाली की पाटाला लागून बायका रांगेने बसायच्या. मी पोचलो तेव्हा वीज नव्हती. रिकामे हंडे ओळीने मांडलेले, बायका सावलीला टेकलेल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीने मला विचारलं, "कोन गावना, भाऊ?"

"जळगावचा. कचेरीत असतो."

"हापसा दुरुस्त कराले ऊना का?"

मी म्हणालो, "बघायला आलोय."

"दखी ले मंग," ती म्हणाली. "आजपावत कोनी दखाले बी ऊना नही."

तिच्या आवाजात राग नव्हता. उलट मी आलो याचं तिला बरंच वाटलेलं दिसत होतं. तिने सरकून मला सावलीत जागा करून दिली. मी तिथे बसलो आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

सोमवारी मी हेडक्लार्कना सगळं सांगितलं. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, कुणाचं वाईट न चिंतणारा माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सभागृहात गेलेलं उत्तर परत येत नसतं बाबा. तू असं कर, मिस्त्री पाठव. हापसे चालू झाले की तुझं उत्तर आपोआप खरं होईल. कोण तारीख बघतंय?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं. मिस्त्री गेला, तिसऱ्या दिवशी हात झटकत परत आला. एका हापशाचे पाइप तुटून बोअरमध्ये पडले होते, ते निघण्यासारखे नव्हते. दुसऱ्याचं पाणीच खाली गेलेलं. नवीन बोअर घेतल्याशिवाय त्या गावाला पाणी नाही, असं त्याने लिहून दिलं.

आणि त्याच आठवड्यात पत्र आलं की विधिमंडळाची एक समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येते आहे. खात्यांनी सभागृहात जे सांगितलं ते जमिनीवर आहे की नाही, हे ती समिती बघणार होती. सोबत गावांची यादी होती. यादीत पाचवं नाव त्या गावाचं होतं.

समिती म्हटलं की कचेऱ्या कशा हादरायच्या, ते आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही. भिंतींना चुना लागला. फाइलींना नवे बंद आले. नाना समितीच्या जेवणाला भरताची वांगी कुठून आणायची याची चौकशी करायला लागले आणि मधूनच माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "त्या दिवशी सकाळी टँकर उभा करू. देवळाजवळच्या हापशाला नवा दांडा बसवू, रंग मारू. लांबून दाखवू. काही होत नाही."

मी मान हलवली, पण मला जेवण जात नव्हतं. माझं लग्न ठरत होतं. नोकरी गेली तर काय, निलंबन झालं तर काय, घरी काय सांगायचं, हेच डोक्यात. त्याहून वाईट म्हणजे, टँकर आणि रंगाचं ठरलं की त्या म्हातारीच्या समोर उभं राहून आमचे लोक 'सगळं सुरू आहे' म्हणणार आणि ती बघत राहणार, हे मला डोळ्यांपुढे दिसायचं. त्या बाईने मला सावलीत जागा दिली होती.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत साहेब एकटे होते. मी आत गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. "साहेब, त्या उत्तराच्या वेळी पाहणी झालेली नव्हती. मी तुम्हाला खोटं सांगितलं. नंतर मी स्वतः जाऊन आलो. दोन्ही हापसे बंद आहेत."

साहेब डब्यातली शेवटची पोळी खात होते. त्यांनी ती संपवली, हात धुतले, रुमालाला पुसले. मला वाटलं आता आवाज चढणार. ते म्हणाले, "बसा."

दोन वर्षांत त्या खोलीत मी प्रथमच खुर्चीवर बसलो.

"नानांना माहीत आहे?"

"हो."

"त्यांनी टँकर सुचवला असेल."

मी होकारार्थी मान हलवली.

"कागद घ्या," ते म्हणाले आणि मजकूर सांगायला लागले. सभागृहास दिलेली माहिती वस्तुस्थितीला धरून नव्हती. ती प्रत्यक्ष पाहणी न करता दिली गेली. दोन्ही हातपंप बंद असून नवीन विंधन विहीर घेणे आवश्यक आहे. तरी उत्तरात दुरुस्ती करण्याबाबत वरिष्ठ स्तरावरून कार्यवाही व्हावी. सगळं झाल्यावर मी विचारलं, "साहेब, यात माझं नाव...?"

"सही माझी आहे," ते म्हणाले. "मी एकदा विचारून गप्प बसलो, माझं काम तेवढंच नव्हतं. पण समितीपुढे तुम्ही यायचं. मागच्या रांगेत बसायचं. विचारलं तर सांगायचं."

पत्र गेलं. मुंबईहून दोन दिवस फोन येत राहिले. साहेबांच्या खोलीतून फक्त "हो", "हो", "मी जबाबदार आहे" एवढंच ऐकू यायचं. नाना माझ्याकडे बघून डोक्याला हात लावायचे.

समिती सरकारी विश्रामगृहावर बसली. लांब टेबलाच्या एका बाजूला सात-आठ आमदार, समोर अधिकारी, कोपऱ्यात लघुलेखक. अध्यक्ष वयस्कर होते, शेतकरी माणूस, पांढरी टोपी, आवाज बारीक. आमच्या खात्याची पाळी आली तेव्हा त्यांनी साहेबांचं पत्र हातात धरलं होतं.

"हे उत्तर कोणी तयार केलं होतं?"

"मी," साहेब म्हणाले.

माझे पाय कसे उचलले गेले ते मला ठाऊक नाही. मी उभा राहिलो. "साहेब, मी लिहिलं होतं. फोनवर ऐकून. आणि पाहणी झाली म्हणून आमच्या साहेबांना सांगितलं. ती झालेली नव्हती."

अध्यक्षांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "आता पाहिलंय का?"

"हो."

"काय दिसलं?"

मी सांगितलं. चिंध्या, काट्या, पाऊण कोसावरची विहीर, वीज नसली की नुसतं बसून राहणं. 'आजवर कुणी बघायलाही आलं नाही' हे म्हातारीचं वाक्यही सांगितलं. सांगता सांगता भीती कुठे गेली कळलं नाही.

अध्यक्ष लघुलेखकाकडे वळले. "हे सगळं घ्या. शब्दन् शब्द." मग साहेबांना म्हणाले, "बोअर कधी?"

"एप्रिल अखेर."

"हे आश्वासन समजू का?"

"समजा."

"लक्षात ठेवा हं. आम्ही परत विचारतो." आणि ते हसले. "चूक लपवणारी खाती रोज भेटतात हो. चूक आधी लिहून कळवणाऱ्यांना फार झापता येत नाही, ही आमची पंचाईत आहे."

टेबलाच्या दोन्ही बाजूंना लोक हसले. नानासुद्धा. मी बसलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुपारी समिती त्या गावी गेली. तिथे ना रंग होता ना टँकर. हापसे होते तसेच होते. अध्यक्षांनी स्वतः शाळेमागचा दांडा हापसून बघितला आणि बायकांशी तिथेच उकिडवं बसून बराच वेळ बोलले.

पुढचा महिना मी शिक्षेची वाट बघत काढला. रोज टपाल आलं की आधी मी सगळे लिफाफे चाळायचो. शेवटी एक लिफाफा आला. आत अर्ध्या पानाचा कागद. 'आपणांस सक्त ताकीद देण्यात येत आहे.' बस, एवढंच. निलंबन नाही, बदली नाही. मी तो कागद दोनदा वाचला, मग जिन्यात जाऊन तिसऱ्यांदा वाचला. नाना मागून आले, खांद्यावरून वाचून म्हणाले, "ताकीद? अरे, मला नोकरीत तीन मिळाल्यात. चल, चहा सांग."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बोअरची गाडी त्या गावात शिरली. साहेबांनी मलाच पाठवलं, पाहणीला. सकाळपासून मशीन घरघरत होतं, पांढरी भुकटी उडून झाडं, माणसं, देवळाचा कळस, सगळं एका रंगाचं झालं होतं. दुपारी उशिरा भुकटीचा चिखल झाला आणि मग पाण्याचा लोट उसळला. पोरं त्यात धावली. अक्काही सासरहून बघायला आली होती, तिची साडी भिजली तरी ती हलली नाही. त्या म्हातारीने ओंजळभर पाणी घेऊन तोंडात घेतलं, चूळ भरली आणि म्हणाली, "गोड शे."

मी वहीत वेळ लिहिली, सरपंचाची सही घेतली आणि छोट्या गाडीने पाचोऱ्याला आलो. तिथे भुसावळकडे जाणारी पॅसेंजर उभीच होती. खिडकीशी जागा मिळाली. अंगावर भुकटी, केसात भुकटी. गाडी सुटली आणि माझे डोळे मिटले. इतके महिने धड झोप लागली नव्हती, ती सगळी एकदम आली. जळगाव कधी आलं आणि गेलं ते मला कळलंच नाही. टी.सी.ने खांदा हलवला तेव्हा गाडी भुसावळला लागलेली होती. जळगावच्या पुढच्या प्रवासाचा दंड भरला, नळावर तोंड धुतलं, फलाटावर दोन कप चहा प्यालो आणि परतीच्या गाडीची वाट बघत मजेत बसून राहिलो.