विटांची खिडकी

यॉर्कच्या जुन्या तटबंदीबाहेर आम्ही नवंकोरं घर घेतलं. ताबा घ्यायला गेलो, तर बाजूच्या भिंतीत खिडकीची चौकट होती, पण काचेच्या जागी विटा भरलेल्या. आतल्या अंगाला सासूबाईंसाठी ठरवलेली खोली होती. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागला.

"नकाशात इथे खिडकी होती," मी म्हणाले.

"ही खिडकीच आहे," बिल्डरकडची बाई हसली. "शोभेची. जुन्या शहराशी मेळ बसतो ना!"

माझं डोकंच फिरलं. या देशात कधीकाळी खिडक्यांवर कर होता. तो परवडेना म्हणून लोकांनी आपल्याच खिडक्या बुजवल्या आणि अंधारात दिवस काढले. त्यांचा तो नाइलाज यांना नक्षी वाटावी? आणि तीही आम्हाला विकावी?

"जाऊ दे गं," नवरा पुटपुटला.

सासूबाई काठी टेकत पुढे झाल्या आणि त्यांनी विटांवरून हात फिरवला. "यातून मला काय दिसणार, विचार तिला."

मी विचारलं. बाईने किल्ली पुढे केली. मी ती घेतली नाही.

"आधी उजेड द्या," म्हटलं, आणि सासूबाईंचा हात धरून चालू लागले. नवराही मुकाट्याने मागून आला.